विश्वास नसतानाही

नीलिमाताई,

तुम्ही गेलात हे कळल्यावर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते फक्त तुम्हालाच सांगता येईल. दुसऱ्या कोणाला सांगितलं तर माणूस माझ्यापासून चार हात लांब बसेल. फोनवर तुमच्याकडे कामाला असलेली रजनी होती. "दीदी, मंगल को मत आइए. मैडम नहीं रहीं. अटैक आया." आणि मला वाटलं, खरंच? की मला परस्पर कटवायची ही एक तऱ्हा? ती बिचारी रडत होती आणि मी तिचं रडणं कानाने चाचपून बघत होते. मग "ठीक है" म्हणाले आणि फोन ठेवला.

ठीक है! तुम्ही असतात तर यावर हसला असतात. तुमच्या त्या आवाज न करता हसण्यावरूनही आपलं एकदा वाजलं होतं. "मला हसताय?" असं मी विचारलं होतं आणि तुम्ही म्हणालात, "हो. तुम्ही गमतीचं बोललात म्हणून." मी तो सगळा तास फुगून बसले होते.

मी तुमच्याकडे समुपदेशनाला आले ती झोप उडाली म्हणून. गोविंदपुऱ्यातल्या कंपनीत विजेची पॅनेल्स तपासून बाहेर सोडायचं काम माझं. व्होल्टेज चढवताना मागे कोणी हसलं की मला वाटायचं, माझ्यावरच. कोणी कुजबुजलं की वाटायचं, माझंच काहीतरी. त्याआधी ज्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी माझं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "आप सोचती बहुत हैं," म्हणाले आणि झोपेची गोळी लिहून दिली. तुमचं नाव प्रशांतने काढलं. हा माझा नवरा जगातल्या प्रत्येक माणसावर विश्वास ठेवतो. रिक्षावाल्यापासून साहेबापर्यंत सगळे त्याला भलेच वाटतात. एका घरात दोघांचा मिळून विश्वास पुरेसाच, फक्त वाटणी चुकलेली.

अरेरा कॉलनीतल्या तुमच्या दारावरची पाटी वाचली आणि मी पायरीवरूनच परत फिरणार होते. 'नीलिमा दामले.' म्हटलं, झालं. भोपाळमध्ये मराठी माणसं मूठभर, त्यात मला गाठ पडायची ती दामल्यांशीच. तुम्ही विचारलंत, मराठीत बोलायचं की हिंदीत. मी पटकन म्हटलं, हिंदी. कारण माझी मराठी इंद्रपुरीतल्या आमच्या घरातली, बाबांनी नागपूरजवळच्या खेड्यातून पेटीत घालून आणलेली. तुमच्या मराठीसमोर ती उघडी करायची माझी तयारी नव्हती.

मी नाव सांगितलं. नुसतं वैशाली म्हटलं तर मी कोणाचीही असू शकते. रामटेके म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यात काहीतरी हलतं, ते मला लहानपणापासून दिसतं. मी तुमच्या डोळ्यांकडे बघत थांबले होते. आणि तुम्ही सरळ बोलायला लागलात. तुम्ही ब्राह्मण घरात वाढलात. राज्याची कचेरी नागपूरहून इकडे आली तेव्हा तिच्याबरोबर तुमचे आजोबा भोपाळला आले. माझं आडनाव तुम्हाला आता कळलं आणि तुमचं मला दारावरच कळलं असणार. तेव्हा ते या खोलीत आहेच, असं धरून बोलू या, म्हणालात.

ताई, माणसं माझी जात आडून आडून विचारत आली. 'गाव कुठलं', मग 'नागपूरला कुठे', मग 'तुमचं कुलदैवत?' स्वतःची आधी सांगून मोकळं होणारं माणूस मला आयुष्यात भेटलं नव्हतं. म्हणून मी ठरवलं, यात डाव आहे. घरी येऊन प्रशांतला म्हटलं, "बाई हुशार आहे. आधी आपले पत्ते टाकते, म्हणजे समोरचा त्याचे टाकतो." तो म्हणाला, "अगं, किंवा खरंच साधी असेल." मी म्हटलं, "साधी माणसं इतकं नेमकं बोलत नाहीत."

मी तुमची परीक्षा घेत राहिले. एकदा तोंडावर विचारलं, आरक्षणाबद्दल तुमचं मत काय? मला वाटलं, आता गोल गोल बोलाल. तुम्ही म्हणालात, "असायला हवं, असं मला वाटतं. माझ्या घरात सगळ्यांना तसं वाटत नाही, आणि त्यावरून आमची भांडणं होतात." वाटेत मी मनात म्हटलं, मला हेच ऐकायचंय हे ओळखून बोलली. मग तुम्ही उलट बोलला असतात तर? तर म्हटलं असतं, बघा, आली जातीवर. तुम्हाला जिंकायला मी जागाच ठेवली नव्हती. तुम्हाला ते कळत होतं, आणि तुम्ही जिंकायच्या मागेही नव्हता. तेच मला जास्त खटकायचं.

पण एक गोष्ट तुम्ही केलीत, जी त्याआधी कोणी केली नव्हती. माझे संशय तुम्ही एका टोपलीत भरून 'आजार' म्हणून कोपऱ्यात ठेवले नाहीत. एकेक हातात घ्यायचात. कंपनीत अर्चना माझ्याबरोबर डबा खायची, ती अचानक यायची बंद झाली. मी कारण ठरवून टाकलं होतं. तुम्ही विचारलंत, "खरं निघालं तर काय कराल? आणि खोटं निघालं तर?" दोन्हींची उत्तरं तयार करूनच मी अर्चनाला गाठलं. ती म्हणाली, "अरे यार, शुगर निकली है मुझे. डॉक्टर ने टाइम बाँध दिया, जल्दी खा लेती हूँ. तुमसे कहने में शर्म आ रही थी." मी जिन्यात उभी राहून हसले. आणि मग शुक्लासाहेब. पहिल्याच दिवशी 'रामटेके यानी?' असं विचारलेले, आणि तेव्हापासून मोठं गिऱ्हाईक आलं की मला आतल्या खोलीत ठेवणारे. ते सगळं मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही दोन्हींची उत्तरं विचारली नाहीत. म्हणालात, "याला संशय म्हणू नका. हा अनुभव आहे." त्या रात्री मी गोळीशिवाय झोपले.

त्याच सुमारास माझ्या तोंडून मराठी निघाली. शुक्लासाहेबांवरच्या रागाच्या भरात निघाली, ती आमच्या घरातलीच. "काहून ऐकून घेऊ मी त्याचं?" तुम्ही काही झालंच नाही अशा थाटात पुढे मराठीत बोलू लागलात, तुमच्या मराठीत. काही आठवड्यांनी तुम्हीच एकदा म्हणालात, "काहून?" आणि मी अशी उसळले, "नका बोलू असं! तुमच्या तोंडी ते चिडवल्यासारखं वाटतं." तुमचा चेहरा एवढासा झाला. पुन्हा कधी म्हणाला नाहीत. आता वाटतं, म्हटलं असतंत तर काय बिघडलं असतं? बाबा गेल्यावर तो शब्द माझ्याशी कोणी बोलत नाही.

आणि ती खिडकीची गोष्ट. तुमच्या वडिलांच्या कचेरीतल्या शिपायाची मुलगी तुमच्याकडे गणित शिकायला यायची. आजी तिला आत घेत नसे, म्हणून तुम्ही आत बसून, ती ओसरीवर उभी, असं खिडकीच्या गजांतून तुम्ही तिला शिकवलं. तुम्ही सांगत होतात तेव्हा तुमचे डोळे भरले होते. मी म्हटलं, "हे मला कशाला सांगता? माफी मी द्यायची का? मी काय साऱ्यांची मुखत्यार आहे?" तुम्ही म्हणालात, "चुकलं. हे ओझं माझं. तुमच्या तासात आणायला नको होतं." शिकलेल्या मोठ्या बाईने मला 'चुकलं' म्हणावं, याची मला सवय नव्हती. त्या दिवशी मी तुम्हाला पहिल्यांदा 'ताई' म्हटलं. तुमच्या लक्षात आलं होतं का, ते विचारायचं राहून गेलं.

मग ते घडलं. विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली. काम माझं, वर्षं माझी, सगळे धरून चालले होते की मीच. शुक्लासाहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं आणि आवाजात मध घालून म्हणाले, "मैडम, आपकी काउंसलिंग चल रही है. नींद की गोली भी लेती हैं. ऐसे में टेस्टिंग की पूरी ज़िम्मेदारी देना आप पर ज़ुल्म होगा." जागा गेली मीच शिकवलेल्या एका ज्युनियरला.

मी कंपनीत कोणाला चकार शब्द सांगितला नव्हता. घरी येऊन प्रशांतला विचारलं, "तू बोललास?" तो म्हणाला, "मी कशाला बोलू?" म्हणजे उरलात तुम्ही. आणि माझ्याकडे पुरावाही होता. गाण्याच्या एका मैफलीत तुम्हाला मी शुक्लासाहेबांच्या बायकोच्या, शुक्लाबाईंच्या, शेजारी बसलेलं पाहिलं होतं. दोघी एकमेकींकडे झुकून बोलत होतात.

दुसऱ्या दिवशी मी वेळ न ठरवता तुमच्याकडे आले. तुमचा चेहरा मला बघताच पांढरा पडला. मला वाटलं, चोर सापडला.

"इथलं बाहेर जाणार नाही, म्हणाला होतात ना?"

"मी सांगितलं नाही, वैशाली."

"मग शुक्लाला स्वप्न पडलं? शेवटी आपल्या माणसांकडेच गेलात ना?"

"मी सांगितलं नाही."

"मग कोणी सांगितलं?"

तुम्ही टेबलाच्या कडेला हात टेकवलात. "यापुढचं मला सांगता येणार नाही."

निरपराध माणूस असं बोलतं का, ताई? तुम्हीच सांगा. मी तुम्हाला जे जे बोलले ते इथे पुन्हा मांडत नाही. तुमच्या आजीपासून तुमच्या त्या पहिल्या दिवसाच्या कबुलीपर्यंत काही सोडलं नाही. जाताना म्हटलं, "तुमचा चांगुलपणा हा तुमचा धंदा आहे."

मी कंपनी सोडली. पण आधी एक केलं. निरोपाच्या चहाला, सगळ्यांसमोर शुक्लासाहेबांना विचारलं, "सर, रामटेके यानी क्या, यह आपको अब पता चल गया?" ते "मतलब?" म्हणत हसले. अर्चना माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. एवढंच. पण ते पुरलं. मंडीदीपला दुसऱ्या कारखान्यात लागले, आता तिथली तपासणी माझ्या हाताखाली आहे.

तिथे गेल्यावर झोप पुन्हा उडाली. आणि दुसऱ्या कोणाकडे जाऊन पहिल्यापासून सगळं सांगायचं, हे काही जमेना. मी तुमच्याकडे परत आले. आठवतंय? आत येऊन बसलेसुद्धा नव्हते. "मी येणार आहे, पण माझा तुमच्यावर विश्वास नाही." तुम्ही म्हणालात, "चालेल. विश्वास नसतानाही बोलता येतं. तुम्हाला हवं तेवढंच सांगा. जे द्यायचं नाही ते घरी ठेवून या."

तसंच आपण बोलत राहिलो. मी अर्धं सांगायचे, अर्धं पदराखाली ठेवायचे, आणि दर काही दिवसांनी तुम्हाला टोचायचे: "हे उद्या शुक्लाबाईंना कळेल ना?" तुम्ही एकदाही चिडला नाहीत. मी त्याचाही अर्थ लावला. चिडत नाही, म्हणजे अपराधी आहे.

शेवटच्या मंगळवारी आपलं अर्धवट राहिलं. मी म्हटलं होतं, तुम्ही कितीही केलंत तरी तुम्हाला माझं कळणार नाही. माझ्या लोकांतलं कोणी इथे बसलेलं असतं तर मला इतकं समजावून सांगावं लागलं नसतं. तुम्ही म्हणालात, "खरंय. नागपूरला हेच काम करणाऱ्या एक बाई आहेत, तुमच्याच समाजातल्या. मी बोलू का त्यांच्याशी?" मी लगेच म्हटलं, "म्हणजे मला घालवताय." तुम्ही म्हणालात, "नाही. दार दाखवतेय. घालवणं आणि दाखवणं यात फरक आहे, आणि त्यावर पुढच्या वेळी भांडू."

नाहीच भांडलो.

रजनीचा फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेले. प्रशांत दुधाखालचा गॅस बारीक करत होता. मी सांगितलं, तुम्ही गेलात. त्याने गॅस बारीक करायचा सोडला आणि तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वैशू, त्यांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं."

दूध उतू गेलं. कोणी हललं नाही.

मी झोपत नव्हते, म्हणून तो शुक्लासाहेबांना भेटला होता. "इन्हें थोड़ा हल्का काम दे दीजिए, सर, तबीयत ठीक नहीं है." आणि सगळं सांगून बसला. काउन्सेलिंग, गोळी, सगळं. त्याला वाटलं, मोठा माणूस आहे, समजून घेईल. माझी जागा गेली त्या संध्याकाळी तो तुमच्याकडे धावला आणि तुम्हाला शपथा घातल्या की मला सांगू नका. तुम्ही त्याला म्हणालात, "हे तिला तुम्हीच सांगायचं आहे. मी सांगणार नाही. पण ती विचारेल तेव्हा मी खोटंही बोलणार नाही." त्यानंतर तुम्ही त्याला अधूनमधून फोन करायचात म्हणे. एकच प्रश्न: "सांगितलंत?" आणि तो म्हणायचा, "पुढच्या आठवड्यात, ताई."

म्हणजे तुमचा चेहरा त्या दिवशी त्यामुळे पांढरा पडला होता.

मी रडले नाही, संतापले. प्रशांतवर होतेच, त्याचं मी बघून घेईन, अजून त्याच्याशी नीट बोललेले नाही. पण तुमच्यावर जास्त. तो तर तुमचा पेशंटसुद्धा नव्हता! त्याचा शब्द राखलात आणि माझा विश्वास बुडू दिलात. 'नवऱ्याला विचारा' एवढं म्हणायलाही जीभ रेटली नाही? हा तुमच्या कामाचा नियम होता, की दुसरंच काही? मी विचारणारच, कारण आता तुम्ही उत्तर देऊ शकत नाही आणि मला गप्प बसता येत नाही. एका रामटेकेच्या शिव्या खाताना तुम्हाला कुठेतरी बरं वाटत होतं का? खिडकीतल्या त्या मुलीचं काही फिटत होतं का? तसं असेल, तर ताई, ते मला मान्य नाही. माझा राग हा तुमच्या प्रायश्चित्ताचा साबण नव्हता.

मग दुपारी, जरा शांत झाल्यावर, दुसरी बाजू सुचली. त्या दिवशी मला खरं कळलं असतं तर मी प्रशांतला सोडून गेले असते. नक्की गेले असते, मी मला ओळखते. जागा हातची गेली होतीच, घरही गेलं असतं. हे सगळं तुम्ही तोलून, माझ्यासाठी तुमच्या अंगावर घेतलंत का? की मी आता तुम्हाला देवी करायला निघालेय, जे तुम्हाला मुळीच आवडलं नसतं? दोन्ही खरं असू शकतं. नियम असेल, अपराधही असेल, माझी काळजीही असेल. तुम्ही समोर असतात तर आपण एकेक हातात घेऊन बघितलं असतं.

काल तुमच्या घरी गेले होते. लपवत नाही, आत गेल्यावर मी आधी शुक्लाबाईंना शोधलं. नव्हत्या. चार इमलीतल्या सरकारी बंगल्यांतल्या कोणी साहेबीणबाई होत्या, तुमचे गाण्यातले लोक होते, शेजारी होते. सगळे आपापलं नातं सांगत होते. मी भिंतीला टेकून उभी राहिले, कारण तुमच्याकडे येणाऱ्यांना नातं सांगता येत नाही. तुमच्या थोरल्या बहिणीने मला हेरलं. नागपूरहून आल्या होत्या, नाक हुबेहूब तुमचं.

"तुम्ही नीलूच्या कोण?"

म्हणता आलं असतं, ओळखीची. गाण्याला येणारी. मी म्हटलं, "मी त्यांची पेशंट. मंगळवारी यायचे."

"अस्सं. नाव काय तुमचं?"

"वैशाली रामटेके."

आणि त्या थांबल्या. हातातला पाण्याचा पेला तसाच, ओठ किंचित उघडे. ते थांबणं मी शाळेपासून ओळखते. एरवी मी तिथूनच मागे फिरले असते, आणि वाटेत सगळा निकाल लावून मोकळी झाले असते.

"का थांबलात?" मी विचारलं. चारचौघांत, जरा मोठ्यानेच.

त्या गोंधळल्या. "अहो, तसं काही नाही... इतकी वर्षं ती हे काम करत होती. कोण येतं, कोण जातं, एक नाव कधी तिच्या तोंडून निघालं नाही. जेवताना फोन आला तर ताटावरून उठून आत जायची. आम्ही चिडायचो तिच्यावर. तिच्याकडे येणाऱ्या माणसाचं नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं, म्हणून थांबले." मग डोळे पुसून म्हणाल्या, "बसा ना. उभ्या का?"

खरं बोलत होत्या का? मला वाटतं, हो. पुरतं वाटत नाही, ताई, तुम्हाला खोटं कशाला सांगू. पण त्या बसा म्हणाल्या आणि मी बसले.